प्लेगाच्या सालातले घर

आमच्या घरी सर्वपित्री अमावास्येला एक पान जास्त वाढले जाई. बाकीची पाने परसात कावळ्यासाठी ठेवायची, हे एक मागच्या दाराच्या उंबऱ्याबाहेर. त्यावरही वरणभात, अळूची भाजी, वडे, खीर सगळे व्यवस्थित असे. आजी ते स्वतः वाढायची, सुनांना वाढू देत नसे. कोणाचे म्हणून विचारले तर ‘प्लेगातल्या बाईचं’ एवढेच उत्तर मिळे. आम्ही मुले समजत होतो की, ही प्लेगात गेलेली आमच्या पणजीची थोरली जाऊ. पुढे लक्षात आले की, ती सवाष्ण गेली असल्यामुळे तिचे अविधवा नवमीला होतच होते. मग अमावास्येचे पान कोणाचे?

या प्रश्नाचे उत्तर आजीने तिच्या शेवटच्या आजारपणात दिले. तिला ते तिच्या सासूबाईंनी, म्हणजे माझ्या पणजीने सांगितले होते. १८९७ साली पणजी सोळा वर्षांची होती, पुण्यातल्या एका वाड्यातली धाकटी सून. ते उत्तर कळल्यापासून पुण्याच्या प्लेगाबद्दल मी जे जे वाचत गेलो, ते मला वेगळे दिसू लागले. म्हणून हा लेख.

१८९७ चा प्लेग म्हटला की, आपल्याला रँड आठवतो, चापेकर बंधू आठवतात, टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला आठवतो. ते योग्यच आहे. पण हा रोग आधी घरात आला आणि मग राजकारणात गेला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढच्या काही महिन्यांत जवळपास चार लाख माणसे मुंबई सोडून गेली. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता आणि दख्खनमध्ये दुष्काळ पडला होता. धान्य महाग, गावाकडे आसरा नाही आणि शहरात गाठीचा ताप, अशा कोंडीत माणसे सापडली. १८९७ च्या प्रारंभी पुण्यात साथ भडकली. फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला. साताऱ्याहून आलेल्या वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि मार्चमध्ये सोल्जरांकरवी घरझडत्या सुरू झाल्या. होळी, पाडवा, रामनवमी हे सगळे सण त्या झडत्यांतच गेले.

हे संकट माणसांना किती अनोळखी होते, हे आज सहज ध्यानात येत नाही. आपल्या घरांना साथी नव्या नव्हत्या. देवीसाठी शीतलामाता होती, पटकीसाठी मरीआई होती. शीतलासप्तमीला चूल पेटवायची नाही, शिळे खायचे. गावात पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेपार न्यायचा. असे त्या त्या रोगाचे विधी ठरलेले होते. विधी असला की घरातल्या माणसांना करायला काहीतरी असते. गाठीच्या तापाला असे काहीच नव्हते. त्याला नावसुद्धा धड नव्हते. कोणी गाठीचा ताप म्हणे, कोणी ग्रंथिक सन्निपात. शेवटी इंग्रजी शब्दच रूढ झाला. लोकांनी पाहिले ते एवढेच, की आधी घरात उंदीर पडतात, मग माणसे पडतात. म्हणून खेड्यांतून उंदीर पडले की गाव सोडून माळावर झोपड्या घालायची रीत पडली. ही रीत शास्त्राच्या पुढे होती. उंदीर आणि पिसू यांचा संबंध पॉल-लुई सिमों या फ्रेंच शास्त्रज्ञाने कराचीत दाखवून दिला तो १८९८ मध्ये आणि तो सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. रँड यांच्या समितीला ते ठाऊक नव्हते. तिच्या लेखी रोग माणसात होता आणि घाणीत होता. म्हणून माणूस उचलायचा, त्याच्या घरच्यांना वेगळे काढायचे, घराला चुना लावायचा, सामान जाळायचे.

आता त्या काळचे घर डोळ्यांसमोर आणू. पेठेतल्या वाड्यात धर्म म्हणजे मुख्यतः जागा होती. देवघर कुठे, सोवळ्याचे पाणी कुठे, चुलीपर्यंत कोणी जायचे, माजघरात कोणी थांबायचे, बाहेर बसलेल्या बाईने कुठल्या दाराने जायचे, तुळस कुठे, सगळे ठरलेले. पोथीतला धर्म पुरुषांकडे असेल. घराचा धर्म बायका जागांच्या हिशेबाने पाळत. झडतीने नेमका तोच हिशेब मोडला. बूट घालून माणसे स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरली, हीच त्या वेळची मोठी तक्रार होती. स्त्रियांच्या काखा-जांघांत गाठी आहेत का हे तपासण्याच्या प्रकाराने तर संतापाची परिसीमा झाली.

इथे अभ्यासकाला सावध राहावे लागते. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप जाहीरपणे केला. परत आल्यावर पुरावा उभा राहीना आणि त्यांना माफी मागावी लागली. माझ्या मते यातून आरोप खोटा होता एवढाच निष्कर्ष काढणे घाईचे होईल. त्या काळच्या घरातली कोणती स्त्री, कोणता नवरा, कोणता सासरा पुढे येऊन साक्ष देणार होता? बायकांनी काय सोसले याचा कागद त्यांच्या हातचा नाही. तो त्यांच्या सुनांच्या तोंडी राहिला आणि सुनांनीही निवडूनच सांगितला.

आमच्या घरी सांगितले जाई ते असे. थोरल्या जावेला फाल्गुनात ताप भरला. दुसऱ्या दिवशी काखेत गाठ दिसली. झडती शेजारच्या बोळापर्यंत आली होती. तिला बाळंतिणीच्या खोलीत ठेवले. त्या खोलीला खिडकी नव्हती. दारापुढे धान्याच्या गोणी रचल्या. सोल्जर आले, चुलीपाशी गेले, देवघरातले ताम्हन पायाने उलटे झाले, पण गोणींमागे कोणी पाहिले नाही. पाचव्या दिवशी ती गेली. मरण मात्र लपवता आले नाही. सगळ्या घराची रवानगी गावाबाहेरच्या छावणीत झाली. पणजोबांच्या वडिलांनी देव संपुष्टात घालून उपरण्यात बांधून नेले. ही कथा आम्ही शौर्याची म्हणून ऐकत होतो. सरकारला कसे चकवले, देव कसे वाचवले, असा तिचा सूर असे.

आजीने सांगितलेला भाग त्यात नव्हता. त्या बंद खोलीत पाच दिवस आजारी बाईजवळ कोण होते? घरातली माणसे बसू शकत नव्हती. झडतीत घरची माणसे मोजली जात, एखादे कमी भरले तर चौकशी होई. शिवाय सोवळे होते, दोन वर्षांचे तान्हे होते, आणि भीतीही होती. जवळ बसली ती भांडी घासणारी मोलकरीण. ती आमच्या जातीची नव्हती. एरवी तिची धाव मागच्या दारापर्यंतच. तिने घासलेली भांडीसुद्धा पुन्हा पाणी फिरवून आत घेतली जात. तीच बाई पाच दिवस आजारी सुनेच्या तोंडात पाणी घालत होती. छावणीत गेल्यावर तिला गाठ आली. तिला इस्पितळात नेले आणि ती परत आली नाही. पणजी घरी आल्यावर वाडा चुन्याने पांढरा झाला होता, गाद्या-गोधड्या जाळल्या होत्या. पंचगव्याने शुद्धी झाली, देव पुन्हा देवघरात बसले. थोरल्या जावेचे दिवस झाले. मोलकरणीचे सूतक कोणाला लागणार? तिचे नावसुद्धा पणजीला ठाऊक नव्हते. तिला मुलाच्या नावाने हाक मारायचे. त्या वर्षीच्या सर्वपित्रीला पणजीने, घरात कोणाला न विचारता, एक पान उंबऱ्याबाहेर ठेवले.

हे कळल्यावर मला जाणवले की, आपण ‘धर्मभावना दुखावल्या’ हे शब्द फार ढोबळपणे वापरतो. घराच्या धर्मात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक शिवाशिव, म्हणजे जागेचा आणि स्पर्शाचा नियम. दुसरी सोबत, म्हणजे आजारी माणसाला एकटे टाकायचे नाही, मरताना तोंडात पाणी घालायला कोणीतरी हवे, हा नियम. पहिला नियम गाजावाजाने पाळला जाई, पण आमच्या घरात तो पाच दिवसांत वाकला. दुसरा कोणी बोलून दाखवत नसे, पण तो शेवटपर्यंत सोडला नाही. सरकारला पहिला नियम दिसला. त्यासाठी पुढे जातवार, धर्मवार इस्पितळे काढायला मुभा मिळाली. पुण्यात टिळकांनी इतरांच्या साहाय्याने हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ चालवले. पण माणसे मुळात घाबरत होती ती आपले माणूस डोळ्यांआड मरेल याला.

हे केवळ पेठांतल्या ब्राह्मण घरांचे दुखणे नव्हते. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईतल्या गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, अशी त्यांची धारणा होती. ९ मार्च १८९८ रोजी रिपन रोडवर जुलाहा विणकरांच्या एका कुटुंबाने आपल्या आजारी मुलीला नेऊ दिले नाही. त्यातून दंगल उसळली आणि गोळीबार झाला. गिरणी कामगार, मुसलमान विणकर आणि पेठेतले वैदिक यांचे देव वेगळे, सोवळे-ओवळे वेगळे. पण आजाऱ्याला हातचे सोडायचे नाही, यावर तिघांचे एकमत होते.

मात्र या सोबतीची किंमतही मांडली पाहिजे. रुग्ण लपवल्याने रोग लपला आणि पसरला. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी आपली लस भायखळ्यात स्वतःला टोचून घेतली होती. तिसऱ्या आगाखानांनी अनुयायांची भीती जावी म्हणून सर्वांसमक्ष ती टोचून घेतली. पण अशी उदाहरणे थोडी. पुढच्या काही दशकांत हिंदुस्थानात प्लेगाने एक कोटीहून अधिक माणसे नेली. आमच्या घराने गोणी रचल्या नसत्या तर मोलकरीण वाचली असती का? उंदीर आणि पिसवा त्या अंधाऱ्या खोलीत, धान्याच्या गोणींतच असणार. घर सोडून मोकळ्या माळावर जाणे हाच खरा उपाय होता. सरकारने तो बंदुकीच्या धाकाने करायला लावला म्हणून तो शिक्षा वाटला. आणि आम्ही सोबत केली असे म्हणतो, तेव्हा ती आमच्या वतीने दुसऱ्याच बाईने केली, हे गाळतो.

याच वेळी पुण्याच्या वेशीबाहेर सोबतीचा दुसरा अर्थ कोणी जगत होते. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळच्या माळावर प्लेगाच्या रोग्यांसाठी दवाखाना घातला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणल्याचे सांगतात. त्याच सेवेत त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. १८९० मध्ये जोतीरावांच्या अंत्ययात्रेत रूढी बाजूला सारून त्यांनी स्वतः टिटवे धरले होते. मरणाच्या वेळी कोणाचा हक्क, कोणाचे कर्तव्य, हा हिशेब त्यांनी आधीच बदलला होता. आमच्या घराने सोबत रक्तापुरती मानली, आणि ती निभावायला परक्या बाईचा जीव घेतला. सावित्रीबाईंनी परक्या मुलाला स्वतःच्या पाठीवर घेतले. एकाच महिन्यातल्या, काही मैलांवरच्या या दोन गोष्टी आहेत.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. कीर्तनकार हरिपंत चापेकर यांचे तीन मुलगे १८९८-९९ मध्ये फासावर गेले. तीन मुलगे देणाऱ्या त्या घरातही सणवार आले असतील, पितृपक्ष आला असेल.

माझ्या पणजीला यातले फारसे सांगता येत नसे. रँडला ती ‘रँडसाहेब’ म्हणे आणि प्लेगाला ‘ते साल’. तिने आपल्या परीने केले ते एवढेच, की ज्या बाईला घरात जागा नव्हती तिला श्राद्धाच्या दिवशी एक पान दिले. ते पान उंबऱ्याच्या आत घ्यायचे धैर्य तिला झाले नाही. आजीलाही झाले नाही. आजी गेल्यावर पहिल्या सर्वपित्रीला आईने ते पान वाढले आणि उंबऱ्याशी क्षणभर थबकली. मग परत वळली आणि ते इतर पानांच्या ओळीत नेऊन ठेवले. आता आम्ही ते तसेच ठेवतो. पानापुढे हात जोडताना नाव घ्यायचे असते. तिथे मात्र आम्ही अजून अडतो.