दिवेलागणीला दाराशी

सिंदी मेघेत दिवेलागण झाली की काही घरांत रोज एकच हाक उठते. ऐंशीच्या आसपासची बाई पदर सावरून, कापडी पिशवी घेऊन दाराशी येते. ‘‘मले घरी जायचं हाय.’’ मुलगा म्हणतो, ‘‘माय, हे आपलंच तं घर होय.’’ ती त्याच्याकडे पाहते, भिंतीकडे पाहते आणि पुन्हा कडीला हात घालते.

वर्धा शहराला लागून असलेली ही वस्ती ले-आउट पडत पडत वाढली. खेड्यातलं घर सोडून मुलांजवळ आलेली कितीतरी वडीलधारी माणसं इथल्या सारख्या दिसणाऱ्या घरांच्या ओळींत राहतात. या बाईच्या मनातलं घर म्हणजे अंगणातला कडुनिंब, मागचा गोठा, चुलीजवळचा रांजण. ते तिच्या अंगवळणी पडलं विशीत. हे सिमेंटचं घर आलं साठीनंतर. स्मृतिभ्रंशाचा आजार बहुधा नवं आधी पुसतो, जुनं मागाहून. म्हणजे ती हट्ट करत नसते. तिच्याजवळ जे घर उरलं आहे, तिकडे ती निघालेली असते. स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या वाचकाला मी पहिल्यांदा याच दाराशी उभं करू इच्छितो. मेंदूचा नकाशा नंतर उघडू.

‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द आपल्याकडे गीतेतून आला. दुसऱ्या अध्यायात तो एका साखळीतली कडी आहे: रागातून मोह, मोहातून स्मृतीचा भ्रंश, त्यातून बुद्धीचा नाश. इथून जवळच, गोपुरीच्या गीताई मंदिरात विनोबांची गीताई दगडी शिळांवर कोरलेली आहे. तिथे ती साखळी कुणालाही वाचता येते. पण गीतेतला भ्रंश संयम सुटल्याचं फळ आहे आणि आपला विषय आहे पेशी मरत जाणारा मेंदू. शब्द एकच राहिल्यामुळे दोषाची सावलीही मागे राहिली, असं मला वाटतं. घरच्यांना लाज वाटते, शेजारी ‘बुढी चळली’ म्हणतात, आणि ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तर डॉक्टरकडे जाण्याची वाटच बंद करते. वय झालं म्हणून हे होत नाही. वयाबरोबर धोका वाढतो, एवढंच. नव्वदीतही बुद्धी लख्ख असलेली माणसं असतात.

या शास्त्राचा आरंभही एका बाईपाशीच होतो. 1901 साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात ऑगस्टे डेटर दाखल झाली, तेव्हा ती अवघी 51 वर्षांची होती. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिला नवऱ्याचं नाव विचारलं. तिने स्वतःचंच नाव सांगितलं. तिच्या मृत्यूनंतर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि 1906 मध्ये आपली निरीक्षणं मांडली. पुढे आजाराला त्यांचंच नाव पडलं. अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार, पण एकमेव नव्हे. रक्तवाहिन्यांच्या बिघाडातून होणारा प्रकार वेगळा. वागणं आणि भाषा आधी बिघडवणारा वेगळा. समोर नसलेली माणसं दाखवणारा आणखी वेगळा.

डॉ. अल्झायमर यांचा तोच प्रश्न विदर्भातल्या एखाद्या आजीला विचारून पाहा. नवऱ्याचं नाव ती घेणार नाही. विसरली म्हणून नव्हे. आयुष्यभर घेतलंच नाही म्हणून. तपासणारा नवखा असेल तर तो गुण कापेल. जाणता असेल तर म्हणेल, ‘‘आजी, उखाणा घ्या.’’ आणि सकाळी जेवली की नाही हे न आठवणारी आजी लयीत नाव घेऊन मोकळी होईल. आपल्या भाषेत, आपल्या रीतीत हा अभ्यास का व्हायला हवा, याचं याहून चांगलं कारण मला सुचत नाही. 1990 च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगड भागात, ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा वृद्धांसाठी हिंदीत स्मरणचाचणी बेतली गेली ती याच गरजेतून. पुढे देशभर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले: साठीपुढच्या भारतीयांपैकी सुमारे 7.4 टक्के, म्हणजे जवळपास 88 लाख माणसं स्मृतिभ्रंशासह जगत आहेत. प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक, शहरांपेक्षा खेड्यांत अधिक.

तपासणी मात्र टाळू नये. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, पडल्यावर मेंदूवर साकळलेलं रक्त, काही गोळ्यांचा परिणाम, यांतूनही विस्मरण होतं आणि त्यांवर उपचार आहेत. दोन दिवसांत एकाएकी भ्रम झाला तर तो बहुतेक दुसराच आजार, कधी लघवीतला जंतुसंसर्गसुद्धा. तेव्हा तातडीने दवाखाना गाठावा. सिंदी मेघेकरांना सावंगीचं आणि सेवाग्रामचं अशी दोन मोठी शिक्षण-रुग्णालयं हाकेच्या अंतरावर आहेत. हे भाग्य विदर्भातल्या फार थोड्या गावांना आहे. अल्झायमर मुळातून बरा करणारं औषध आज नाही. काही गोळ्या काही जणांना काही काळ आधार देतात.

बाकीचं काम माणसांचं. इंग्लंडमधल्या टॉम किटवुड यांनी 1997 च्या आपल्या पुस्तकात आग्रहाने मांडलं की आजाराइतकीच भोवतालची वागणूकही माणसाला खचवते: त्याच्यादेखत त्याच्याविषयी बोलणं, फसवून नेणं, हातातलं काम काढून घेणं. मराठीत हे सगळं ‘अस्तु’ने दाखवलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या या चित्रपटात मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतचे गाढे पंडित हत्तीच्या मागे चालत जातात. त्यांची विद्वत्ता ठाऊक नसलेली, कन्नड बोलणारी हत्तीवाली त्यांना लेकरासारखं सांभाळते. तिने त्यांना एकही प्रश्न विचारून तपासलेलं नसतं.

वाट चुकण्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगून ठेवतो. आपल्याच जिल्ह्यात दुसरी सिंदी आहे, तान्ह्या पोळ्याची, सिंदी रेल्वे. वाट चुकलेलं माणूस नुसतं ‘सिंदी’ म्हणालं, तर भला माणूसही त्याला तिकडच्या गाडीत बसवून देईल. खिशातल्या चिठ्ठीवर ‘सिंदी मेघे, वर्धा’ असं पूर्ण लिहा, आणि घरच्या कुणाचा तरी फोन नंबरही.

आणि जी हे सगळं करते तिच्याविषयी. बहुतेक घरांत ती सून किंवा लेक असते. रात्री तीनदा उठते, तोच प्रश्न चाळीस वेळा ऐकते, एकदा ओरडते आणि मग मोरीत जाऊन रडते. तिला त्यागमूर्ती म्हणणं मला पटत नाही. तिला आठवड्यातली एक दुपार हवी, भावांनी वाटून घेतलेल्या रात्री हव्यात, आणि बोलायला कुणी हवं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक तिच्यासाठीही आहे.

तर, दाराशी उभ्या असलेल्या त्या बाईकडे परत येऊ. ‘हेच तुझं घर’ हे उत्तर आपण देऊन पाहिलं. आता तिच्याशेजारी उभं राहून विचारून पाहा, ‘‘माय, घरी कोण कोण हाय वो?’’ ती गोठ्यातल्या बैलांची नावं सांगू लागेल. बोलता बोलता हातातली पिशवी खाली ठेवेलही. न ठेवली तर चप्पल घाला आणि तिच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत जाऊन या.