तेलगांवची दोन शहरें

बीड जिल्ह्यांतील तेलगांवच्या माणसाला शहर गांठावयाचें, तर वायव्येस औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर. आग्नेयेस दुपटीहून दूर हैदराबाद. जवळचें सोडून लोक दूरच्याकडे कां वळले? 1763 मध्यें याच जिल्ह्यांत राक्षसभुवनास माधवराव पेशव्यांनीं निजामअलीचा पराभव केला. त्याच वर्षीं त्यानें राजधानी औरंगाबादेहून हैदराबादेस नेली. दरबार, वरिष्ठ कचेऱ्या, पुढें 1918 मध्यें उस्मानिया विद्यापीठ, सारें तिकडेच. पण तेथें मराठी मुलानें शिकावयाचें तें उर्दूंतून! घरखर्चाच्या वहींत ह्या खर्चाला रकाना नव्हता. 1956 मध्यें मराठवाडा मुंबई राज्यांत आला, 1958 मध्यें औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघालें, आणि तेलगांवचा विद्यार्थी गोदावरी ओलांडून उत्तरेकडे जाऊं लागला.