धर्मगुरूंविना वाढलेली लेकरे

१/४ १५४९ साली गोव्याहून निघालेले फ्रान्सिस झेवियर जपानला पोहोचले आणि तेथे ख्रिस्ती धर्म रुजू लागला. १६१४ मध्ये मात्र तोकुगावा सत्तेने त्यावर देशभर बंदी घातली. धर्मगुरू हद्दपार झाले वा मारले गेले.

२/४ उरले ते घर. नागासाकी परिसरात बाप्तिस्मा गावातलेच कोणी गुपचूप देत. प्रार्थना मुले वडीलधाऱ्यांकडून ऐकूनच पाठ करीत.

३/४ मुलाच्या तोंडून बाहेर एक शब्द निसटला, तरी सारे कुटुंब संकटात येई. म्हणून श्रद्धेबरोबर मौनही शिकवावे लागे.

४/४ १८६५ मध्ये नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये उराकामीच्या गावकऱ्यांनी फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँ यांच्यापाशी आपली श्रद्धा उघड केली. दोन शतकांहून अधिक काळ ती घरांनीच सांभाळली होती. बंदी उठली १८७३ मध्ये.