होडी पाण्यात ढकलण्याआधी तळ तपासा, विम्याचा कागदही वाचा

ठाणे/कल्याण : नवरात्र आलं की खाडीकाठी शाकारून ठेवलेल्या होड्यांवरचं प्लास्टिक निघू लागतं. कोजागिरीला चांदण्यातली फेरी, दिवाळीत पाहुणे, थंडी पडली की ठाणे खाडीत रोहित पक्षी बघायला येणारी मंडळी. मासेमारीची होडी असणाऱ्याला चार पैसे जादा मिळतात. घोळ होतो तो इथेच. विमा मासेमारीच्या नावावर आणि होडीत पर्यटक! अशा फेरीत अपघात झाला तर कंपनी दावा नाकारू शकते.

आधी होडी बघू. पावसाळाभर काठावर झाकून पडलेल्या लाकडी होडीच्या फळ्या आकसतात. फटीत कापूस-राळ भरा, मग काठालाच एक-दोन दिवस पाण्यात बांधून ठेवा. लाकूड फुगून पाणी आत येणं थांबलं तरच माणसं बसवा. फायबरच्या होडीला तळाशी बारीक भेगा असतात, त्या हाताने चाचपून बघा. इंजिनातलं जुनं पेट्रोल काढून टाका. मशीन कोरडं सुरू करू नका, पाण्याच्या पिंपात पंखा बुडवून चालवा, नाहीतर आतला पाण्याचा पंप जळतो. उल्हास नदीत जलपर्णी आणि प्लास्टिक पंख्यात अडकतं, तेव्हा कोयता आणि वल्हं सोबत हवंच. लाइफ जॅकेटचे बकल ओढून बघा, एक घालून पाण्यात तरंगतं का तेही बघा. लहान मुलांना मोठ्यांचं जॅकेट चालत नाही, त्यातून मूल निसटतं.

वेळेचं भान कोळीवाड्यात सांगायला नको, पण नव्यांसाठी सांगतो. तिथीची पाऊणपट म्हणजे साधारण भरतीची वेळ. पौर्णिमेचे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. कल्याणकडे आत यायला भरतीला आणखी वेळ लागतो. कोजागिरीला उधाण असतं, आणि ठाण्याकडे मध्यरात्री दूध पिऊन निघालात तर पाणी उतरू लागतं. होडी चिखलात बसली की पुढची भरती चढेपर्यंत तिथेच. शिवाय हस्ताचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊन येतो. सकाळची फेरी बरी.

आता कागद. प्रवासी न्यायचे तर महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे नोंदणी, तपासणी आणि किती माणसं बसवायची ते ठरवून घ्यावं लागतं. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग असेल तर वनविभागाची परवानगी वेगळी. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने आतल्या पाण्यातल्या यांत्रिक बोटींना विमा बंधनकारक केला आहे.

विमा घेताना एजंटला सरळ विचारा : यात फक्त होडीचं नुकसान आहे की प्रवाशांची जबाबदारीही? दोन्ही हवं. नैसर्गिक झीज, गंजलेलं इंजिन, क्षमतेपेक्षा जास्त माणसं, परवाना नसलेला चालक, यावर बहुतेक वेळा पैसे मिळत नाहीत. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात नौदलाची स्पीडबोट नीलकमल बोटीवर आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. त्या बोटीची क्षमता ८४ प्रवाशांची होती, आत शंभराहून जास्त होते. चूक समोरच्याची असली तरी आपली माणसं मोजली जातातच.

डागडुजीआधी आणि नंतर होडीचे, इंजिन नंबरचे फोटो मोबाईलवर काढा, पावत्या जपून ठेवा. अपघात झालाच तर आधी माणसं वाचवा, मग पोलीस आणि कंपनीला लगेच कळवा. सर्व्हेअर येईपर्यंत होडी दुरुस्तीला देऊ नका.

स्वतःसाठी बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घ्या. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख, वय १८ ते ७०. तिचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं. मेअखेर खात्यात वीस रुपये शिल्लक नसले तर विमा तुटतो, आणि ते बहुतेकांना दावा करायला गेल्यावरच कळतं.