हमीदा बानू आणि आपला आखाडा

जुन्नर-आंबेगावकडच्या श्रोत्यांना आखाडा म्हणजे काय, हे समजावून सांगावयास नको. ओतूरला कपर्दिकेश्वराच्या श्रावणी सोमवारच्या यात्रेत, किंवा चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रांत, हलगी कडकडू लागली की माणसे मातीभोवती कडे करून बसतात. आरंभी पोरासोरांच्या नारळावरच्या नि रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात. मग इनाम चढत जाते आणि दिवस मावळताना मानाची कुस्ती लागते. जोड पंच लावतात, निकाल मात्र सारा गाव आपल्या डोळ्यांनी पाहतो. आखाड्याची अब्रू या उघडेपणावर उभी आहे. या कसोटीला एक स्त्री आपण होऊन उभी राहिली तेव्हा काय झाले, ती हकीकत आज आम्हांस सांगावयाची आहे.

हमीदा बानू मूळच्या उत्तर प्रदेशातील मिर्झापूरच्या. अलीगढला सलाम पहिलवान या वस्तादाच्या हाताखाली त्या तयार झाल्या. १९४४ साली मुंबईत गुंगा पहिलवानाशी त्यांची कुस्ती ठरली, तेव्हा सुमारे २०,००० माणसे जमली होती. परंतु प्रतिस्पर्ध्याच्या मागण्या वाढत गेल्या, कुस्ती ऐन वेळी रद्द झाली आणि चिडलेल्या लोकांनी मैदानाची मोडतोड केली. पुढे फेब्रुवारी १९५४ मध्ये त्यांनी आव्हान जाहीर केले की, जो आपणांस हरवील त्याच्याशी आपण लग्न करू. पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक असे दोन मल्ल त्यांनी पाडले. मे महिन्यात बडोद्यास छोटा गामा आयत्या वेळी मागे फिरला. त्याच्या जागी आलेल्या बाबा पहिलवानाला त्यांनी १ मिनिट ३४ सेकंदांत हरविले. त्याच वर्षी मुंबईत रशियाची व्हेरा चिस्टिलिन त्यांच्यापुढे मिनिटभरही टिकली नाही.

आता आपल्या मुलखाकडे वळू. कुस्तीची पंढरी म्हणून ज्या कोल्हापूरचा आपणांस अभिमान, तेथे शोभासिंग नावाच्या पंजाबी मल्लाला त्यांनी हरविल्यावर लोकांनी हुर्यो केली, दगड मारले; पोलिसांना मध्ये पडावे लागले. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली कुस्ती कुस्तीगीरांच्या संघटनेने हरकत घेतल्याने झालीच नाही. बाईंनी मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे गाऱ्हाणे नेले. उत्तर आले की, कुस्त्या बंद केल्या त्या बाई म्हणून नव्हे. ठेकेदार त्यांच्यापुढे बनावट जोड उभे करतात, अशा तक्रारी आल्या म्हणून.

या उत्तराचा विचार नीट केला पाहिजे. लुटुपुटूच्या कुस्त्या त्या काळी होत नव्हत्या असे नाही, आणि हमीदा बानूंच्या साऱ्या कुस्त्या निखळ होत्या अशी ग्वाही आम्ही देत नाही. परंतु संशय फेडण्याचा मार्ग कोणता? चांगले पंच नेमावे, तोडीचा जोड द्यावा आणि निकाल लोकांसमोर लागू द्यावा. पुरुष मल्लाविषयी कुजबूज झाली तर आपण हेच करतो. येथे संशयही घेतला आणि परीक्षाही होऊ दिली नाही. म्हणून त्या स्त्रीचे बळ खरे किती होते, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. इतिहासाचे हे नुकसान आपल्याच हातून झाले.

बाईंना युरोपात जाऊन लढावयाचे होते. वस्तादांना ते रुचले नाही, आणि त्यांनी मारहाण करून हातपाय मोडले, असे कुटुंबीयांनी व शेजाऱ्यांनी पुढे सांगितले. कल्याणला म्हशी पाळून आणि दूध विकून त्यांनी उरलेले आयुष्य काढले.

आणि बाईमाणसाला चारचौघांत अंगमेहनत शोभत नाही, असे तरी आपण कोठे मानत होतो? त्याच जत्रांत, आखाडा उठल्यावर रात्री तमाशाचा फड लागे. नारायणगावच्या विठाबाईंनी तो फड आपल्या पायांच्या बळावर गाजविला. पुढे त्यांना राष्ट्रपतिपदकही मिळाले. रात्री स्त्रीच्या श्रमाला पैसे फेकणारे गाव दिवसा तिला मातीत पाय ठेवू देत नव्हते.

काळ पालटला, पण सावकाश. स्त्रियांच्या कुस्तीला ऑलिंपिकमध्ये जागा मिळाली ती २००४ साली, म्हणजे त्या आव्हानानंतर बरोबर पन्नास वर्षांनी. महाराष्ट्र केसरी १९६१ साली सुरू झाली. स्त्रियांची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीत मार्च २०२३ मध्ये झाली. सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. अंतिम लढतीत हरलेली वैष्णवी पाटील कल्याणची होती, हमीदा बानूंच्या अखेरच्या गावची. आता तर ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र आणणारे मिश्र मल्लयुद्ध आले आहे. जून २०२४ मध्ये अमेरिकेत यूएफसीच्या रिंगणात पूजा तोमर जिंकली. तेथे लढत जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. हीसुद्धा उत्तर प्रदेशातलीच.

तेव्हा आमचे मागणे मोठे नाही. पुढच्या जत्रेत एखादी मुलगी लांग बांधून मातीशी आली, तर पंचांनी तिच्या तोडीची जोड शोधावी आणि नारळावरची कुस्ती लावावी. ती पडली तर पडू द्यावी; जिंकली तर नारळ तिच्या हाती द्यावा. निकाल गाव पाहीलच.