झुडूप, जंगल आणि ई-क्लास : वऱ्हाडातील चराऊ जमिनींच्या नावांचा इतिहास

इंग्रजीतील 'बुश' हा शब्द सामान्यतः झुडपासाठी योजला जातो. परंतु वसाहतींत त्याची अर्थव्याप्ती बरीच वाढली. ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिकेत 'बुश' म्हणजे वस्तीबाहेरचा सबंध रानवट मुलूख. भारतातील इंग्रज अधिकाऱ्यांना मात्र त्यासाठी 'जंगल' हा शब्द येथेच गवसला. मूळ संस्कृत 'जाङ्गल' शब्दाचा अर्थ घनदाट अरण्य असा नव्हता. आयुर्वेदात पाणथळ 'आनूप' देशाच्या उलट असलेला, कोरडा, मोकळा, खैर-बोरीचा प्रदेश तो जांगल देश. त्या अर्थाने 'झुडपी जंगल' ही महसुली संज्ञा जवळपास पुनरुक्तीच ठरते! मधल्या काळात जंगल शब्द दाट झाला, म्हणून त्याला पुन्हा विरळ करणारे विशेषण जोडावे लागले.

ही केवळ शब्दांची गंमत असती तर तिचा विचार करण्याचे कारण नव्हते. विदर्भात मात्र या संज्ञेवर हजारो कुटुंबांची घरे आणि शेती अवलंबून आहे.

नागपूरकडील जिल्ह्यांत मालगुजारी होती. सरपण, चराई अशा गावाच्या निस्तारासाठी सुटलेली झुडपांची जमीन १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आल्यावर शासनाकडे आली आणि दप्तरात 'झुडपी जंगल' म्हणून राहिली. मध्य प्रदेशातील 'छोटे झाड का जंगल' ही नोंद तिची सख्खी बहीण म्हणावी लागेल. वऱ्हाडाचा इतिहास निराळा आहे. १८५३ च्या तहाने हा प्रांत निजामाकडून कंपनीच्या कारभाराखाली आला आणि १८६० च्या दशकात येथे मुंबई पद्धतीची रयतवारी मोजणी सुरू झाली. १९०३ मध्ये वऱ्हाडाचे प्रशासन मध्य प्रांताला जोडले गेले, तरी जमीनमहसुलाची घडी वेगळीच राहिली. येथे अक्षरांनी वर्गवारी करण्याची रीत होती. वनांचे अ, ब, क असे वर्ग होते; ब वर्गात गवताचे रमणे व बाभूळबने येत. गावाच्या चराईची सरकारी जमीन 'ई-क्लास' झाली. अमरावती-अकोल्याकडील गुराखी आजही हाच शब्द वापरतो. बोर, तरवड, पळस ही झुडपे दोन्हीकडे तीच. दप्तरातील नाव तेवढे वेगळे.

या भेदाचे परिणाम उशिरा दिसले. गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शब्दकोशातील अर्थाने जे वन आणि शासकीय दप्तरात ज्याची वन म्हणून नोंद, ते सर्व १९८० च्या वनसंवर्धन कायद्याच्या कक्षेत आणले. दप्तरातील 'जंगल' हा शब्द त्यामुळे निर्णायक ठरला. ही झुडपे म्हणजे वन नव्हे, अशी राज्याची भूमिका होती. तथापि २२ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई, जे स्वतः अमरावतीचे, यांच्या पीठाने झुडपी जंगल हे वनच मानले. १९९६ च्या त्या आदेशापूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींसाठी मात्र केंद्राच्या मंजुरीने त्या वनयादीतून वगळण्याची वाट ठेवली. नंतरच्या वाटपाची चौकशी करण्यास सांगितले.

ई-क्लासच्या नावात जंगल नाही. त्यामुळे तेथे वाद झाला तो अतिक्रमणाचा. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासननिर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण स्वीकारले. अनेक दलित व आदिवासी कुटुंबांच्या पोटाचा आधार असलेली जमीन ती हीच. पुढे २०११ मधील जगपालसिंग निकालानंतर गायरान देण्यावर कडक निर्बंध आले. म्हणजे नागपूरकडील कसणाऱ्याला वनकायदा आडवा आला, तर वऱ्हाडातील कसणाऱ्याला गावाचा सामाईक हक्क.

झुडपांच्या बाजूनेही हा प्रश्न पाहावा लागतो. अकोला-वाशीमच्या गवताळ रानात तणमोर हा दुर्मीळ पक्षी पावसाळ्यात आढळतो, आणि त्याच्या खाणाखुणा फासेपारधी समाजाइतक्या कोणास ठाऊक नाहीत. या पक्ष्याला दाट वन नको. उंच गवत आणि तुरळक झुडपांचा, म्हणजे जुन्या अर्थाचा जांगल मुलूख हवा. तो मुलूख येथे बव्हंशी ई-क्लासच्या नावे पडून आहे.