‘ग्लुटेन-फ्री’ खाल्ल्यानं वजन कमी होतं का? गहू सोडण्याआधी हे वाचा

‘चपाती बंद केली आणि महिन्यात पोट आत गेलं’ असे व्हिडिओ सध्या मोबाईलवर भरपूर फिरत आहेत. ते बघून कुणी गहू सोडतं, कुणी ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेली महागडी पाकिटं आणतं. काहींचं वजन खरंच उतरतं, काहींचं जागचं हलत नाही. असं का होतं आणि ग्लुटेन सोडणं नेमकं कुणासाठी गरजेचं आहे, ते समजून घेऊ.

ग्लुटेन म्हणजे काय?

ग्लुटेन हे गहू, जव आणि राय या धान्यांत असणारं प्रथिन आहे. कणीक मळल्यावर जो चिवटपणा येतो, तो याच्यामुळं. म्हणून चपाती पातळ लाटली तरी फाटत नाही आणि पाव फुगतो. घरी बघायचं असेल तर कणकेचा गोळा पाण्याखाली धरून चोळत राहा. पांढरं पाणी निघून जातं आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो, तेच ग्लुटेन. ज्वारीच्या पिठात ते नसतं, म्हणून भाकरी चपातीसारखी लाटता येत नाही, थापावी लागते.

ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, तांदूळ, वरई, राजगिरा आणि सगळ्या डाळी मुळातच ग्लुटेनमुक्त आहेत. म्हणजे शहरात ज्याला ‘ग्लुटेन-फ्री डाएट’ म्हणतात, ते आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या ताटात आहे.

मग गहू सोडला की वजन का उतरतं?

ग्लुटेन ही चरबी नाही, आणि चरबी वाढवायचा वेगळा गुणही त्यात नाही. ज्याला ग्लुटेनचा आजार नाही, त्याचं वजन निव्वळ ग्लुटेन सोडल्यानं उतरतं, याला भक्कम पुरावा नाही.

खरी गंमत दुसरीकडं आहे. गहू सोडला म्हणजे चपातीबरोबर चहासोबतची बिस्किटं, खारी, टोस्ट, वडापाव, समोसा, शंकरपाळी, केक हे सगळंच सुटतं. मैदा, साखर आणि तेल एकदम कमी झालं की वजन उतरणारच. नाव ग्लुटेनचं होतं, काम बिस्किटाचा पुडा बंद झाल्यानं केलेलं असतं.

पहिल्या आठवड्यात एक-दोन किलो झटकन उतरले, तरी त्यातलं बरंचसं पाणी असतं. खाणं कमी झालं की शरीरातला साखरेचा साठा वापरला जातो आणि त्याला धरून राहिलेलं पाणीही निघून जातं. पहिल्यासारखं खायला लागलं की ते वजन परत येतं.

चपाती की भाकरी?

१०० ग्रॅम गव्हाच्या पिठात साधारण ३२० कॅलरी असतात. ज्वारीत ३३० च्या आसपास, बाजरीत ३५० च्या आसपास, नाचणीत ३२० आणि तांदळात ३५५ च्या आसपास. म्हणजे फरक फार मोठा नाही. उलट चपातीला साधारण ३० ग्रॅम पीठ लागत असेल, तर मोठ्या भाकरीला त्याच्या दुप्पट लागतं. चार चपात्यांच्या जागी चार भाकरी खाल्ल्या, तर पोटात जास्तच जातं.

तरीही भाकरीचा फायदा आहे. ती बिनतेलाची भाजली जाते. घडीच्या चपातीला एक चमचा तेल लावलं तरी ४५ कॅलरी वाढतात. भाकरी चावून खावी लागते, पोट लवकर भरतं. ज्वारी-बाजरीत तंतूही चांगले असतात. पॉलिश केलेल्या तांदळात मात्र ते फारच कमी. म्हणून गहू सोडून भातावर भर दिला, तर वजनाला काहीच उपयोग नाही.

पाकिटावरच्या नावाला भुलू नका

‘ग्लुटेन-फ्री’ बिस्किटं, ब्रेड, केक हे बहुतेक वेळा तांदळाचं पीठ आणि बटाट्याचा किंवा साबुदाण्याच्या कंदाचा स्टार्च वापरून बनवतात. चव यावी म्हणून साखर आणि तेल-तूप घालतात. त्यात प्रथिनं अनेकदा कमी असतात आणि किंमत जास्त. वजन कमी करायला म्हणून ती घेणं म्हणजे पैसे देऊन साखर आणण्यासारखं आहे.

ग्लुटेन खरंच कुणाला सोडावं लागतं?

सिलिअॅक नावाचा आजार असणाऱ्यांना. जगात साधारण शंभरात एकाला तो असतो. यात ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याचं आतलं अस्तर खराब होतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, नेदरलँड्समध्ये अन्नाची टंचाई झाली आणि पाव मिळेनासा झाला. तेव्हा हा आजार असलेली मुलं सुधारताना दिसली आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय आधीपासून होता, तो यातून पक्का झाला. १९५० मध्ये त्यांनी हे अभ्यासातून मांडलं.

इथं गोष्ट उलटी होते. अशा बऱ्याच रुग्णांचं वजन गहू बंद केल्यावर वाढतं, कारण खाल्लेलं अंगी लागायला सुरुवात होते.

म्हणून घरातल्या लेकराकडं बघा. वारंवार जुलाब, फुगलेलं पोट, उंची-वजन न वाढणं, लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त न वाढणं, सतत थकवा, अशी लक्षणं असतील तर ‘अंगकाठीच बारीक आहे’ म्हणून सोडून देऊ नका. मोठ्यांनाही हा आजार होतो. घरात कुणाला आधीच असेल, तर बाकीच्यांना शक्यता जास्त.

तपासणीआधी गहू बंद करू नका

ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. यासाठी आधी ‘टीटीजी’ नावाची रक्ततपासणी करतात, मग गरजेनुसार दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासतात. गहू आधीच सोडला असेल तर तपासणी खोटी ‘नॉर्मल’ येऊ शकते आणि आजार लपून राहतो. आधी डॉक्टर, मग पथ्य.

आजार पक्का झाल्यावर ही काळजी घ्या

- खपली गव्हातही ग्लुटेन असतं. तो चालत नाही.
- रवा, मैदा, शेवया, दलिया हे सगळं गव्हाचंच.
- सातूच्या पिठात आणि थालीपिठाच्या भाजणीत बहुधा गहू असतो.
- बाजारच्या खड्याच्या नसलेल्या हिंगात अनेकदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. पाकीट वाचा.
- गिरणीत गव्हामागोमाग ज्वारी दळली तर त्यात गहू मिसळतो. घरचं दळण वेगळं करा.
- आपल्या देशाच्या नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असलेल्या मालावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिता येत नाही.

हे पथ्य जन्मभराचं असतं. बरं वाटलं म्हणून मोडायचं नाही.

वजनच कमी करायचं असेल तर

पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईमाणसाची ८० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हावं. चहातली साखर, बिस्किटं, तळलेलं कमी करावं. दोन भाकरीची दीड करावी, सोबत पालेभाजी, उसळ, ताक, कांदा-काकडी वाढवावी. रोज अर्धा तास तरी झपझप चालावं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर खाण्यात मोठा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

एवढं सांभाळलं तर ताटात एखादी चपाती असली तरी वजन उतरतं. आणि हे सांभाळलं नाही, तर ज्वारीची भाकरीही ते उतरवू शकत नाही.